फक्त संशोधनासाठी, म्हणजे नेमकं कुणासाठी?

गेल्या महिन्यात एका मित्राने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. करंगळीएवढी काचेची बाटली, वर रबरी बूच, त्यावर रंगीत टोपी आणि तळाशी वाळून बसलेला पांढरा थर. लेबलवर इंग्रजीत पदार्थाचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा, बॅच नंबर आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ. फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही.

फोटोखाली त्याचा मेसेज होता, ‘रेटा आहे. मागवून झालंय. जिममधले दोघं आधीच घेतायत. आता टोचू का नको, तेवढं सांग.’

मित्र २४ वर्षांचा. उंची पाच फूट नऊ इंच, वजन ८१ किलो. डायबेटिस नाही, बीपी नाही. दिवाळीनंतर बहिणीचं लग्न आहे आणि त्याला फोटोत पोट दिसायला नकोय, एवढाच त्याचा आजार.

‘रेटा’ म्हणजे रेटाट्रुटाइड. एली लिली या अमेरिकन कंपनीचं, अजून ट्रायलमध्ये असलेलं औषध. जगातल्या कुठल्याही देशाच्या औषध नियामकाने ते विकायला परवानगी दिलेली नाही. ट्रायलच्या बाहेर कुणीही ते घेऊ नये, असं खुद्द कंपनीच जाहीरपणे सांगते. तरी ते रील्समध्ये आहे, टेलिग्रामच्या ग्रुपवर आहे आणि आता माझ्या मित्राच्या फ्रीजमध्येही आहे.

मला त्या लेबलाची गंमत वाटते. ‘माणसांच्या वापरासाठी नाही’ हे त्यावर लिहिलेलं अगदी खरं आहे. विकणाऱ्याला ठाऊक असतं की घेणारा माणूसच आहे, घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की आपण उंदीर नाही. दोघंही ती ओळ वाचून न वाचल्यासारखं करतात. सगळा धंदा त्या एका ओळीवर उभा आहे. उद्या काही झालं तर विकणारा हात वर करणार, ‘आम्ही तर लिहिलं होतं की!’

पण आधी हे समजून घेऊ की या पावडरीत एवढं काय आहे. कारण त्यामागचं विज्ञान भारी आहे आणि ते खोटं नाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

आतड्याची भाषा

आपण जेवलो की आतडं गप्प बसत नाही. ते रक्तात काही हार्मोन सोडतं. त्यातलं एक जीएलपी-१ आणि दुसरं जीआयपी. दोन्ही स्वादुपिंडाला सांगतात की साखर येतेय, इन्सुलिन तयार ठेव. जीएलपी-१ आणखी दोन कामं करतं. जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला सांगतं, बास, पोट भरलं.

तिसरं हार्मोन ग्लुकॅगॉन. ते स्वादुपिंडातून येतं आणि उलटं काम करतं. उपाशी असलो की यकृतातली साखर बाहेर काढतं. १९२३ साली, म्हणजे इन्सुलिननंतर दोनच वर्षांनी ते सापडलं आणि पुढची कित्येक दशकं डायबेटिसच्या पुस्तकात त्याची भूमिका खलनायकाचीच राहिली.

ही हार्मोन्स म्हणजे पेप्टाइड्स. अमिनो आम्लांचे मणी एका दोऱ्यात ओवलेली छोटी माळ. पेशींच्या पृष्ठभागावर प्रत्येक माळेसाठी एकेक कुलूप असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. माळ कुलपात बसली की पेशीच्या आत काम सुरू होतं.

अडचण अशी की शरीरातलं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. एक एन्झाइम येतं आणि त्याचं टोक कापून टाकतं. दोन मिनिटांच्या औषधाचं करायचं काय? वाट सापडली ती अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका विषारी सरड्याकडून. हिला मॉन्स्टर त्याचं नाव. त्याच्या विषात जीएलपी-१सारखं वागणारं, पण त्या एन्झाइमला न जुमानणारं पेप्टाइड आहे, हे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधले डॉ. जॉन एंग यांनी १९९२मध्ये दाखवलं. त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५मध्ये अमेरिकेत औषध म्हणून आलं. पुढे केमिस्ट लोकांनी माळेतला कापला जाणारा मणी बदलला, माळेला चरबीची शेपटी लावली. ती शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसते आणि औषध आठवडाभर टिकतं. सेमाग्लुटाइड ते हेच. आठवड्याला एक टोचणी.

या माळा प्रयोगशाळेत ओवता येतात, याचं श्रेय रॉबर्ट ब्रुस मेरीफिल्ड यांना. पहिला मणी राळेच्या बारीक कणाला बांधून ठेवायचा आणि पुढचे एकेक जोडत जायचं, ही त्यांची १९६३ची युक्ती. १९८४चं नोबेल त्यासाठीच. त्यांच्या लॅबमध्ये तयार झालेल्या स्वेतलाना मोयसोव यांनी पुढे जीएलपी-१चा नेमका काम करणारा तुकडा ओळखला, तो बनवलाही. त्यांचं नाव कितीतरी वर्षं या गोष्टीतून गायबच होतं. २०२४मध्ये लास्कर पुरस्कारात त्या आल्या, तेव्हा कुठे लोकांना कळलं. ही गोष्ट वेगळी आणि लांबची आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक माळ, तीन कुलुपं

आता मूळ मुद्दा. इंडियाना विद्यापीठातले केमिस्ट रिचर्ड डिमार्की आणि जर्मन संशोधक मथियास चॉप यांच्या डोक्यात एक वेगळीच कल्पना होती. तीन हार्मोन्सच्या माळा एकमेकींसारख्या दिसतात, एका घराण्यातल्या बहिणींसारख्या. मग एकच माळ अशी का ओवू नये, जी दोन कुलुपं उघडेल? २००९मध्ये त्यांनी जीएलपी-१ आणि ग्लुकॅगॉन अशी दोन कुलुपं उघडणारं पेप्टाइड उंदरांवर दाखवलं. २०१३मध्ये जीएलपी-१ आणि जीआयपीचं. आणि २०१५मध्ये तिन्हींचं.

ग्लुकॅगॉन तर साखर वाढवतं, मग त्याला सोबत घ्यायचं कशाला? कारण ते नुसती साखर वाढवत नाही. ते यकृतातली चरबी जाळायला लावतं, शरीराचा ऊर्जेचा खर्च वाढवतं. बाकी दोघं भूक आवरणार आणि साखर सांभाळणार, हा आतून भट्टी पेटती ठेवणार. खलनायकाला टीममध्ये घ्यायचं, पण दोन रखवालदार सोबत ठेवून.

उंदरांचं वजन धाडकन उतरलं. आणि मग कंपन्यांची रांग लागली.

आकडे बघा. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. जीएलपी-१ आणि जीआयपी अशी दोन कुलुपं उघडणाऱ्या टिर्झेपाटाइडने २०२२मध्ये ७२ आठवड्यांत २०.९ टक्क्यांपर्यंत मजल मारली. रेटाट्रुटाइडच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ट्रायलचा निकाल जून २०२३मध्ये आला. ३३८ लोक, ४८ आठवडे, सर्वांत मोठ्या डोसच्या गटात २४.२ टक्के. पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.१ टक्के. वजनाचा आलेख ४८व्या आठवड्यातही सपाट झाला नव्हता, अजून खालीच चालला होता. डिसेंबर २०२५मध्ये कंपनीने तिसऱ्या टप्प्यातल्या पहिल्या ट्रायलचा निकाल जाहीर केला. लठ्ठपणासोबत गुडघेदुखी असलेल्या लोकांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी २८.७ टक्के उतरलं.

शंभर किलोचा माणूस एकाहत्तर किलोवर. हे आतापर्यंत फक्त पोटाच्या ऑपरेशनने व्हायचं. ज्यांचे गुडघे गेलेत, झोपेत श्वास अडकतो, यकृतात चरबी साठलीय, त्यांच्यासाठी हे छोटं नाही. ‘जिभेवर ताबा ठेवा’ एवढं एकच वाक्य वर्षानुवर्षं ऐकून घेतलेल्या माणसांना पहिल्यांदा कुणीतरी सांगतंय की तुमची भूक हे तुमचं पाप नाही, ते हार्मोन्सचं गणित आहे. म्हणून ‘ही सगळी फॅडं आहेत’ म्हणत नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

पण त्याच निकालात आणखीही काही लिहिलेलं आहे. ते रीलवाले वाचून दाखवत नाहीत.

मळमळ, उलटी, जुलाब हे तर आलंच. दुसऱ्या टप्प्यात हृदयाचे ठोकेही वाढलेले दिसले. डोस जेवढा मोठा तेवढे जास्त, २४व्या आठवड्यापर्यंत चढत गेले, मग उतरायला लागले. तिसऱ्या टप्प्यात नवीनच प्रकार समोर आला. सर्वांत मोठ्या डोसवरच्या दर पाचातल्या एकाला त्वचेवर विचित्र संवेदना जाणवल्या. साधा स्पर्शही नकोसा वाटावा, असं काहीतरी. त्याच डोसवरच्या साधारण १८ टक्के लोकांनी त्रासामुळे औषध सोडलं. त्यातल्या काहींना तर वाटलं की वजन जरा जास्तच उतरतंय.

शेवटचं वाक्य माझ्या मित्रासारख्यांनी परत वाचावं. दुसऱ्या टप्प्यात घेतलेल्या लोकांचा बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त होता, किंवा २७च्या वर आणि सोबत वजनाशी जोडलेला एखादा आजार. सरासरी वय ४८, सरासरी बीएमआय ३७. माझ्या मित्राचा बीएमआय २६ आणि थोडा. त्याला त्या ट्रायलमध्ये कुणी दारातही उभं केलं नसतं. तो जो २४ टक्क्यांचा आकडा तोंडपाठ म्हणून दाखवतो, तो त्याच्याबद्दलचा नाहीच.

लॅबमध्ये ही पावडर करते काय?

‘फक्त संशोधनासाठी’ हे शब्द विक्रेत्यांनी शोधलेले नाहीत. ते खऱ्या लॅबमधून उचललेले आहेत. चयापचयाचा अभ्यास करणाऱ्या लॅबला ही पेप्टाइड्स रोज लागतात.

एक उदाहरण. एखाद्या पेशीत माणसाच्या फक्त जीआयपी रिसेप्टरचा जीन घालतात. मग तिच्यावर पेप्टाइडचे वेगवेगळे डोस टाकतात आणि आत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू किती वाढला ते मोजतात. कुलूप किती उघडलं, ते यावरून कळतं. दुसरीकडे उंदरांना चरबीचं खाणं देऊन लठ्ठ करतात, त्यातल्या काहींमध्ये एखादा रिसेप्टर जन्मतःच गायब केलेला असतो. त्याला औषध दिलं आणि परिणाम झाला नाही, तर कळतं की काम त्याच कुलपातून होत होतं.

आणि इथेच खरी गंमत आहे. उंदराचं कुलूप आणि माणसाचं कुलूप सारखं नसतं. टिर्झेपाटाइड माणसाच्या जीआयपी रिसेप्टरवर जोरात काम करतं, उंदराच्या त्याच रिसेप्टरवर मात्र फारच कमी. म्हणून शास्त्रज्ञांना माणसाचा रिसेप्टर बसवलेले खास उंदीर वापरावे लागले. त्याहून मोठं कोडं पुढे आहे. जीआयपीचं कुलूप उघडणारं टिर्झेपाटाइड वजन उतरवतं. आणि ॲमजेन कंपनीचं ट्रायलमधलं मॅरिटाइड नावाचं औषध जीएलपी-१चं कुलूप उघडतं, पण जीआयपीचं मात्र बंद करतं. त्यानेही वजन उतरतं! उघडलं तरी उतरतं, बंद केलं तरी उतरतं. असं का, यावर जगातले मोठमोठे लोक अजून वाद घालतायत.

म्हणजे ज्या तीन कुलपांपैकी एकाचं काम नेमकं कसं चालतं हेच अजून ठरायचंय, त्या तिन्हींची किल्ली पोरं जिमच्या चेंजिंग रूममध्ये फिरवतायत.

या वाटेवर सगळे पोचतात असंही नाही. ॲस्ट्राझेनेकाचं कोटाड्युटाइड हे जीएलपी-१ आणि ग्लुकॅगॉनचं जोडऔषध कित्येक ट्रायल झाल्यावर २०२३मध्ये कंपनीने थांबवलं. चीनमध्ये त्याच जोडीचं मॅझड्युटाइड जून २०२५मध्ये मंजूर झालं. कुठलं टिकेल, कुठलं गळेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. ट्रायल त्यासाठीच असते.

जीएलपी-३ नावाचं काही नसतं

ग्रुपवर याला कुणी ‘रेटा’ म्हणतं, कुणी ‘आर’, कुणी ‘जीएलपी-३’. शरीरात जीएलपी-१ आहे, जीएलपी-२ आहे, जीएलपी-३ नावाचं हार्मोन नाहीच. तीन कुलुपं म्हणून तीन, एवढाच हिशोब. मूळ नाव न लिहिता माल विकता यावा म्हणून विक्रेत्यांनी चालवलेलं हे टोपणनाव. ते ऐकून कुणाला वाटतं की हे नवीन व्हर्जन असणार, फोनसारखं.

माल येतो कुठून? पेप्टाइडचा क्रम पेटंटच्या कागदात छापलेला असतो, गुपित नसतं. यंत्र असलं की ३९ मण्यांची माळ ओवणं आता अवघड राहिलेलं नाही. चीनमधले कारखाने ते करतात आणि जगभर पाठवतात. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४मध्ये ‘संशोधनासाठी’ असं लेबल लावून सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड आणि रेटाट्रुटाइड विकणाऱ्या काही कंपन्यांना इशारापत्रं धाडली. सांगणं सरळ होतं. लेबल काहीही लावा, तुम्ही ते माणसांना विकताय हे तुमच्याच वेबसाइटवरून दिसतंय. २०२५मध्ये आणखी पत्रं गेली. दुकानं नावं बदलून चालूच.

विक्रेते एक कागद मात्र अभिमानाने दाखवतात. शुद्धता ९९ टक्के! पोरंही तेवढंच बघतात. ही चाचणी एचपीएलसीची असते. ती एवढंच सांगते की चाचणीला दिलेल्या नमुन्यात जे पेप्टाइडसारखं होतं, त्यातलं ९९ टक्के एकाच जातीचं आहे. बाटली निर्जंतुक आहे का? त्याबद्दल ती काही बोलत नाही. मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, आत आहेत का? तेही नाही. थंडी वाजून ताप भरायला, रक्तदाब पडायला ते थोडेसेही पुरतात. लेबलवर लिहिलंय तेवढंच वजन आत आहे का? बहुतेक वेळा तेही नाही. आणि चाचणीला दिलेला नमुना तुमच्याच बॅचचा होता, हे कोण सांगणार? औषध कंपनीला हे सगळं प्रत्येक बॅचला सिद्ध करावं लागतं. पेशींवर टाकायच्या पावडरीला त्याची गरज नसते, कारण पेशीला ताप येत नाही.

मग येतं मिसळणं. पावडरीत पाणी घालायचं, इन्सुलिनच्या सिरिंजने ओढायचं. सिरिंजवर आकडे युनिटमध्ये, बाटलीवर मिलिग्रॅममध्ये, पाणी मिलिलिटरमध्ये. तीन मापं, एक घाईतला माणूस. यात काय होतं त्याचा नमुना आहे. जुलै २०२४मध्ये एफडीएनेच सांगितलं की मेडिकलमध्ये बनवून दिलेल्या सेमाग्लुटाइडच्या बाटल्यांतून काही लोकांनी पाच ते वीस पट जास्त डोस टोचून घेतला. माप चुकलं, बाकी काही नाही. ती निदान डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं होती. इथे तर हिशोब सांगणारा एक रीलवाला आणि एक एक्सेल शीट.

जिमवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. या औषधांनी उतरणारं वजन सगळं चरबीचं नसतं. टिर्झेपाटाइडच्या ट्रायलमध्ये उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीशिवायच्या शरीराचा होता, त्यात स्नायू आले. दोन वर्षं घाम गाळून कमावलेला दंड पोटासोबत उतरला तर? आणि थांबलं की काय? त्याच औषधाच्या एका ट्रायलमध्ये ३६ आठवड्यांत २०.९ टक्के वजन उतरलेल्या लोकांपैकी अर्ध्यांचं औषध बंद केलं. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्क्यांनी परत वाढलं. लग्नाचे फोटो येतील तोवर बरंचसं परत.

स्वस्त झालं, तरी?

काही जण म्हणतात, हा सगळा महागाईचा परिणाम. त्यात तथ्य आहे. टिर्झेपाटाइड मार्च २०२५मध्ये मुंजारो नावाने भारतात आलं, तेव्हा छोट्या डोसची एक बाटली ३,५०० रुपये, पुढची ४,३७५. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४ ते साडेसतरा हजार. पहिल्या नोकरीचा अर्धा पगार. जून २०२५मध्ये वेगोवी आलं, तेही स्वस्त नव्हतं. मग कुणी अर्ध्या पैशांत बाटली देतो म्हटलं की मन डळमळणारच.

पण सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. डॉक्टरकडे जाऊन, चिठ्ठी घेऊन, तपासलेलं औषध घेणं आता पूर्वीएवढं अवघड नाही. तरी मित्राने ते घेतलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, ‘ते १५ टक्केवालं आहे ना? हे २९ आहे.’ मोबाइल घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजावेत, तसं. शिवाय डॉक्टरने विचारलं असतं, तुला हे कशाला हवंय? हा प्रश्न त्याला नको होता. मला वाटतं, खरी किंमत तिथे आहे. काळ्या बाजारात पैसे वाचतात हे दुय्यम, तिथे कुणी ‘नाही’ म्हणत नाही, हे मुख्य.

वजन उतरवणाऱ्या जादूच्या गोष्टीला इतिहास आहे आणि तो फार चांगला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार डायनायट्रोफिनॉलच्या धुळीने बारीक होत होते. १९३३मध्ये अमेरिकेत तेच रसायन वजनाचं औषध म्हणून सुरू झालं. ते खरंच काम करायचं. चयापचय वाढवायचं, इतकं की काहींचा ताप चढून जीव गेला, काहींना तरुणपणी मोतीबिंदू झाला. १९३८च्या कायद्यानंतर ते बंद झालं. सिब्युट्रामीन तर मंजूर औषध होतं, बरीच वर्षं विकलं गेलं, हृदयाला धोका दिसला म्हणून २०१०मध्ये अमेरिका आणि युरोपातून गेलं, पुढच्या वर्षी भारतातूनही. रेटाट्रुटाइड यांच्यासारखं निघेल असं मी म्हणत नाही. बहुधा निघणार नाही. पण ‘बहुधा’ हा शब्द काढून टाकायला हजारो लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते.

उंदराचीही फाइल असते

भारतात लॅबमध्ये उंदरावर प्रयोग करायचा तरी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. किती उंदीर, कशासाठी, वेदना कमी कशा ठेवणार, सगळं लिहून द्यावं लागतं. प्रत्येक उंदराचं वजन, खाणं, डोस, मरण, सगळं वहीत.

माणसावर ट्रायल करायची तर २०१९चे नियम आहेत. नैतिकता समिती, सरकारी नोंदणी, समजावून घेतलेली संमती, ट्रायलमुळे काही झालं तर उपचार आणि भरपाई. एखाद्याला त्वचेवर विचित्र वाटायला लागलं तर ते लिहिलं जातं, मोजलं जातं आणि पुढच्या माणसाला सांगितलं जातं. दर पाचात एक हा आकडा आपल्याला कळला तो असा.

जिममधल्या त्या दोघांचं काय? एकाला रात्री छातीत धडधडतं, असं मित्र बोलता बोलता सांगून गेला. ते कुणी लिहिलं? कुठेच नाही. तो स्वतःवर प्रयोग करतोय असं म्हणतो, पण प्रयोगात वही असते. इथे वहीच नाही. तो उद्या दवाखान्यात गेला तरी डॉक्टरला खरं सांगेल का, शंका आहे. ज्यांना काही झालं नाही ते रील टाकतात. ज्यांना झालं ते गप्प बसतात. आणि ग्रुपवर ‘सगळ्यांना सूट झालं’ असं चित्र उभं राहतं.

खरं तर आपल्याकडे या विषयावर संशोधन व्हायलाच हवं. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी, ही आपली भारतीय ठेवण. देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे, असं आयसीएमआरच्या पाहणीचे २०२३मधले आकडे सांगतात. अशा शरीरात तीन कुलुपांची किल्ली कशी वागते, स्नायू आधीच कमी असलेल्या माणसाचं काय होतं, हे आपल्याला आपल्याच लोकांवर, नीट मोजून कळायला हवं. सरासरी ३७ बीएमआयच्या लोकांचा निकाल इथे तसाच्या तसा लागू पडेल असं धरून चालता येत नाही.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. लेक्चर झालं, मान्य आहे. तो म्हणाला, ‘एवढं शुद्धतेचं सर्टिफिकेट आहे रे.’ मग मीच म्हटलं, मागव बघू. विक्रेत्याने पाच मिनिटांत पीडीएफ पाठवली. ९९.३ टक्के, शिक्का, सही, सगळं चकाचक. खाली बॅच नंबर होता. मित्राने फ्रीजमधून बाटली काढली, फोनचा टॉर्च लावून लेबल वाचलं आणि दोन्ही नंबर मला टाइप करून पाठवले.

जुळत नव्हते.

त्याने विक्रेत्याला विचारलं. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. बाटली अजून फ्रीजमध्येच आहे, दह्याच्या भांड्यामागे. परवा आईने विचारलं, हे काय रे ठेवलंयस? त्याने सांगितलं, मित्राच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचं आहे.